शेडगेबाई आणि तिसऱ्या नियमाचं मतदान

कुणाला ‘चुंबकीय व्यक्तिमत्त्व’ म्हटलेलं शेडगेबाईंना खपत नसे. ताथवड्याच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आम्ही दोघं नोकरीला होतो, तिथे मात्र हा शब्द दर समारंभात ऐकावा लागे. आमची ओळखही अशाच एका समारंभात झाली. संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस होता. व्यासपीठावर लाल मखमलीची, लग्नाच्या हॉलमधून आणलेली खुर्ची होती, खुर्चीत अध्यक्ष होते आणि सूत्रसंचालक घसा ताणून सांगत होता की, असं चुंबकीय व्यक्तिमत्त्व शतकातून एखादंच जन्माला येतं. माझ्या शेजारच्या बाई समोरच बघत म्हणाल्या, “सकाळपासून खुर्चीतून हललेला न्हाई हा माणूस. चुंबकीय कुठनं होणार?”

मी हसलो. ते त्यांना आवडलं नाही.

“विनोद नाही केला मी, सर. चार्ज जागचा हलल्याशिवाय चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही. बसलेला चार्ज नुसता ओढतो, नाहीतर ढकलतो.”

“आणि लोहचुंबक? तो कुठे हलतो?” मी उगाच शहाणपणा केला.

“त्याच्या आत इलेक्ट्रॉन फिरत असतात. यांच्या आत काय फिरतंय ते सांगा.”

त्याच क्षणी अध्यक्षांना केकचा मोठा तुकडा भरवण्यात आला, त्यामुळे मला उत्तर देता आलं असतं. पण नोकरी नवीन होती.

कुंदा शेडगे पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवत. त्या मूळच्या इथल्याच, मावळातल्या शेतकरी घरातल्या. भाऊ प्लॉटिंगच्या धंद्यात शिरले होते, दारात मोठ्या गाड्या उभ्या होत्या, आणि “ताई, कशाला त्या पोरांपुढं घसा फोडतीस, आपल्या ऑफिसात बस की,” असं ते दर दिवाळीला म्हणत. बाई ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी घसा फोडायला हजर होत. वर्गात त्या शुद्ध पुस्तकी मराठी आणि गरजेपुरतं इंग्रजी बोलत. संताप आला की मात्र ‘नाही’चं ‘न्हाई’ होई. वर्षभरात ‘न्हाई’च जास्त ऐकू येई. मी त्याच महाविद्यालयात संभाषणकौशल्य शिकवत असे, म्हणजे ज्या मुलांना मुलाखतीला कुणी बोलावलेलं नाही त्यांच्याकडून मुलाखतीची तयारी करून घेत असे. त्यामुळे संतापायला वेळ मलाही भरपूर होता आणि आमचं जमलं.

बाईंचा वर्ग तारेपासून सुरू होत नसे. बाकी सगळे शिक्षक तारेतल्या विद्युतधारेपासून सुरुवात करत, कारण पुस्तकात तसं आहे. बाई म्हणत, “तार म्हणजे गर्दी. गर्दीतला एकेक जण काय करतो ते आधी बघा.” मग त्या एका मुलीला दोन बाकांमधून चालायला लावत. ती मुलगी म्हणजे एक चार्ज. उजव्या हाताचा अंगठा तिच्या चालण्याच्या दिशेला धरायचा आणि बोटं वळवायची. बोटं जशी वळली तसं तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र. ती थांबली की क्षेत्र गेलं. सगळा वर्ग अंगठे धरून बसे. परीक्षेच्या दिवशी चाकणकडून येणाऱ्या बसमध्येही मुलं अशीच बसत, आणि एका कंडक्टरने म्हणे विचारलं होतं, “भावांनो, बसमध्ये बसून लिफ्ट कुणाला मागताय?”

त्यांचं एक वाक्य मला फार आवडलं होतं. धावणाऱ्या चार्जच्या नेमकं समोर, त्याच्या वाटेवरच, त्याचं चुंबकीय क्षेत्र शून्य असतं. सगळ्यात जास्त असतं ते त्याच्या बगलेला. “ज्याच्या दिशेनं धावतोय त्याला काही लागत नाही, बाजूला उभ्या असलेल्याला लागतं,” असं त्या सांगत. मी हे एका निरोपसमारंभात महत्त्वाकांक्षी माणसांच्या संदर्भात वापरलं आणि टाळ्या घेतल्या. बाहेर आल्यावर बाईंनी मला पायरीवरच गाठलं.

“सर, त्याचा सुविचार करायचा न्हाई.”

“का? छान आहे की.”

“छान असू दे, न्हाईतर घाण असू दे. ते खरं हाय, एवढंच त्याचं काम. तुमच्यासारख्यांनी सुविचार केले म्हणून पोरांना वाटतं, विज्ञान म्हणजे भिंतीवर लावायची पाटी.”

भिंतीवरच्या पाट्यांचा आमच्याकडे तोटा नव्हताच. मूल्यांकन समिती यायची असली की एका रात्रीत जिन्यांना नावं मिळत आणि कुंड्यांना रोपं. अशाच एका भेटीआधी बाईंचा जुना टीव्ही प्रयोगशाळेतून हलवण्यात आला. पोटाशी फुगीर काच असलेला तो टीव्ही त्यांनी कुदळवाडीच्या भंगारवाल्याकडून आणला होता. त्याच्या पडद्याजवळ चुंबक नेला की चित्र वाकडं होई, कारण आतून येणारी इलेक्ट्रॉनची धार वाकत असे. चालत्या चार्जवर चुंबकाचं बळ कसं लागतं हे त्याच्याइतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं काहीही त्या इमारतीत नव्हतं. “भंगार दिसतंय,” असं म्हणून तो जिन्याखाली ठेवण्यात आला आणि त्या जागी एक चकचकीत स्पर्शपटल बसवलं, ज्यावर संस्थेची ध्वनिचित्रफीत फिरत असे. समिती गेल्यावर बाईंनी स्वतः टीव्ही उचलून वर आणला. “हे भंगार शिकवतं तरी,” त्या शिपायाला म्हणाल्या, “बाकीचं भंगार पगार खातंय.”

शिपायाने हे सगळीकडे सांगितलं. तिथून परीक्षा विभागाच्या डीनसाहेबांची बाईंवर नजर बसली.

आणि मग ती परीक्षा आली. महाविद्यालय स्वायत्त, अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही आमच्याच हातात, आणि प्रश्नपत्रिका डीनसाहेबांनी स्वतः काढली होती. एक प्रश्न, बाईंच्या चार्जला पुस्तकी मराठीत ‘प्रभार’ म्हणून, असा होता: दोन गतिमान बिंदुप्रभार एकमेकांवर जी चुंबकीय बलं लावतात, ती नेहमी समान आणि विरुद्ध असतात काय? आकृतीसह स्पष्ट करा. सोबत तपासनिसांसाठी आदर्श उत्तर होतं: होय, न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार. बाईंच्या सगळ्या वर्गाने ‘नाही’ लिहिलं. आमच्याकडे एका वर्गाचे पेपर दुसऱ्या वर्गाचा शिक्षक तपासतो, आदर्श उत्तर समोर ठेवून. बाईंच्या वर्गाचे पेपर ज्याच्याकडे गेले तो तरुण पोरगा कंत्राटावर होता. त्याने सगळ्यांना शून्य दिलं. “मॅडम, मला कळतंय हो,” तो बाईंना म्हणाला, “पण मॉडेल आन्सरच्या बाहेर गेलो तर पुढच्या वर्षी मीच बाहेर.”

बाकीची मुलं इतर प्रश्नांवर तरली. दीपाली केंद्रे बुडाली. तिचे वडील लातूरकडचे, महाळुंग्याला एका कंपनीत प्रेस मशिनवर काम करणारे. पहिल्या सत्रात ती आजारी पडल्यामुळे तिचे काही विषय आधीच राहिले होते. आता भौतिकशास्त्र राहिलं तर दुसऱ्या वर्षाचं दार बंद. घरी मामा स्थळ घेऊन बसलेलेच होते. “वर्ष गेलं तर कॉलेजचा नाद सोडायचा, असं ठरलंय घरात,” ती बाईंना म्हणाली. ती रडली नाही. तिने फक्त एकच विचारलं, “मॅडम, मी लिहिलेलं बरोबर हाय ना ओ? ते तेवढं सांगा.”

“बरोबर हाय,” बाई म्हणाल्या. “त्यांचं चुकलंय.”

बाईंनी तक्रार दिली आणि तक्रार निवारण समिती बसली. डीनसाहेब तिचे अध्यक्ष. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच न्यायाधीश. याला आमच्याकडे सुसूत्रता म्हणतात. मला मराठी-इंग्रजी दोन्ही लिहिता येतं म्हणून समितीचा सचिव केलं होतं. बैठकीआधी मी बाईंना कॅन्टीनमध्ये म्हणालो, “मला एकदा समजावून सांगा. शाळेपासून ऐकतोय, क्रिया तिथे प्रतिक्रिया. मग यात नाही कसं?”

त्यांनी चहाचा पेला आणि मिठाची डबी समोर ओढली. “ही डबी पेल्याकडे सरळ धावतेय. पेला मात्र आडवा चाललाय, भिंतीकडे. आता डबीच्या नेमकं समोर तिचं क्षेत्र किती?”

“शून्य,” मी म्हणालो. सुविचार पाठ होता.

“पेला तिच्या समोरच आहे. म्हणजे पेल्यावर डबीचं चुंबकीय बळ शून्य. आणि डबी पेल्याच्या कुठे आहे?”

“बगलेला.”

“मग डबीवर पेल्याचं क्षेत्र पूर्ण पडतं. डबीला धक्का, पेल्याला काही नाही. समान झालं का? विद्युतबळ वेगळं, ते विचारलेलंच नाही.”

“मग नियम मोडला म्हणायचा?”

“निसर्ग काही मोडत न्हाई, सर. तुम्ही दोघांनाच मोजता. मधली जागा कुणी मोजायची? त्या क्षेत्राकडं पण संवेग असतो. डबीला जेवढा मिळाला तेवढा तिथनं गेला. तिघांचा मिळून हिशेब चोख हाय.” मग त्यांनी डबी जागेवर ठेवली. “एवढं डीनला कळत न्हाई असं न्हाई. कळून घ्यायचं न्हाई.”

बैठकीत बाईंनी हीच आकृती फळ्यावर काढली. फळ्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. यंत्र विभागाचे प्रमुख खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “मॅडम, तिसरा नियम चुकीचा म्हणजे आमची सगळी मशिनं बंद करायची का आता?” लोक हसले. स्थापत्य विभागाचे प्रमुख म्हणाले, “अहो, हे शाळेच्या पुस्तकात आहे.”

“शाळेच्या पुस्तकात शाळेपुरतं असतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही शाळा सोडल्याला बराच काळ झाला.”

“व्यक्तिगत होऊ नका,” डीनसाहेब म्हणाले. “सगळ्यांचा वेळ मोलाचा आहे. आपण लोकशाही पद्धतीने मत घेऊ. तिसरा नियम लागू होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत.”

मी आजवर पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे. काही ठिकाणी तर पगार घेऊन पाहिला आहे. पण निसर्गाचा नियम हात वर करून मंजूर होताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. एकेक हात वर गेला. त्यातल्या निम्म्या हातांना प्रश्न काय आहे हेही माहीत नव्हतं. संगणक विभागाच्या प्रमुखांचा तर दुसरा हात फोनवर होता.

बाई फळ्यापाशीच उभ्या होत्या. “हात वर करताच आहात तर उजवा करा,” त्या म्हणाल्या, “आणि अंगठा वेगाच्या दिशेला धरा. निदान हात तरी कामाला येईल.”

विरुद्ध कोण, असं विचारल्यावर बाईंच्या बरोबरीने मीही हात वर केला. डीनसाहेबांनी माझ्याकडे दयेने बघितलं. “सर, सचिवाला मत नसतं.” मी इतिवृत्तात बाईंचा विरोध नोंदवला. तो काढा असं सांगण्यात आलं, मी नकार दिला, तेव्हा कार्यालयातून ते परस्पर टाइप होऊन आलं. त्यात लिहिलं होतं, ‘सर्वानुमते’.

दीपालीबद्दल मात्र समितीला सहानुभूती होती. सहानुभूती अशी की, तिने आपण विपरीत उत्तर लिहिल्याचं मान्य करून अर्ज द्यावा, म्हणजे कृपागुणांचा विचार होईल. हे ऐकून तिचे वडील कंपनीतून अर्धी सुट्टी काढून आले. निळा गणवेश अंगावरच होता. “मॅडम, देऊन टाकू द्या की अर्ज,” ते हात जोडून म्हणाले. “चुकलं म्हणायला काय जातंय? आम्ही तर सुपरवायझरपुढं रोजच म्हणतो.”

बाईंना राग आला की त्यांचा आवाज चढत असे. त्या दिवशी चढला नाही. “तुम्ही म्हणता, कारण तुम्हाला घर चालवायचं असतं,” त्या म्हणाल्या. “मी तुम्हाला नावं ठेवत नाही. पण हिनं बरोबर लिहिलंय. बरोबर लिहून माफी मागायची सवय हिला पहिल्याच वर्षात लावायची का? मला आठ दिवस द्या. नाही जमलं तर अर्ज मी स्वतः लिहून देईन.”

वडिलांनी मुलीकडे बघितलं. दीपाली म्हणाली, “आठ दिवस थांबू, पप्पा.”

बाईंनी पुढे काय केलं, तर फारसं काहीच नाही. त्यांनी डीनसाहेबांचा प्रश्न आणि डीनसाहेबांचं आदर्श उत्तर मोठ्या अक्षरांत लिहून काढलं, खाली डीनसाहेबांचं नाव आणि हुद्दा लिहिला, त्याखाली ‘समितीच्या मतदानाने मंजूर’ एवढी ओळ टाकली आणि तो कागद सूचनाफलकावर लावला. स्वतःचा एक शब्दही घातला नाही. मुलांनी फोटो काढले. दोनच दिवसांत ते शहरभरच्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या लोकांपर्यंत पोचले. कुणीतरी थेट अध्यक्षांना फोन करून विचारलं की, पुढच्या बैठकीत गुरुत्वाकर्षणही मताला टाकणार आहात का, म्हणजे आम्ही सावध राहू. अध्यक्षांनी डीनसाहेबांना बोलावून घेतलं. उत्तर बरोबर की चूक, हे अध्यक्षांनी विचारलं नाही. हे बाहेर कसं गेलं, एवढंच विचारलं.

मुदत संपायच्या आत परिपत्रक निघालं. ‘विद्यार्थिहित लक्षात घेऊन सदर प्रश्न तांत्रिक कारणास्तव रद्द करण्यात येत असून सर्वांना पूर्ण गुण देण्यात येत आहेत.’ दीपाली पास झाली. चूक लिहिणारे, बरोबर लिहिणारे, काहीच न लिहिणारे, सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले. त्याच परिपत्रकात खाली आणखी एक परिच्छेद होता: गतिमान बिंदुप्रभारांचं चुंबकीय क्षेत्र हा घटक वादग्रस्त असल्याने पुढील वर्षापासून अभ्यासक्रमातून वगळण्यात येत आहे.

वादग्रस्त! चार्ज चालला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, यावर भांडायला आजवर कुणी आलं नव्हतं. आमच्या महाविद्यालयाने तो वाद स्वतःच काढला, मतदानाने मिटवला आणि मग वाद आहे म्हणून विषयच हाकलून दिला. चाकणच्या कारखान्यांत मोटारी फिरत राहिल्या, ताथवड्याच्या घराघरांत पंखे फिरत राहिले. फक्त आमच्या इमारतीत चार्ज हलायचे थांबले. वार्षिक अहवालात हा निर्णय ‘विद्यार्थिकेंद्रित सुधारणा’ या मथळ्याखाली छापला गेला, डीनसाहेबांच्या हसऱ्या फोटोसह.

बाईंनी राजीनामा दिला. मी म्हणालो, “दीपालीचं वर्ष वाचलं. जिंकलात की तुम्ही.”

“काय जिंकले?” त्या उसळल्या. “बरोबरला आन् चूकला सारखेच मार्क दिले. त्यापेक्षा शून्य बरं होतं, निदान त्याच्याशी भांडता येत होतं. आन् जे शिकवायचं तेच काढून टाकलं. मग मी काय नुसती हजेरी घ्यायला येऊ?”

त्यांच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ नव्हता. त्यांनीच नको म्हणून कळवलं होतं. प्रयोगशाळेत आम्ही दोघं त्यांची पुस्तकं बांधत होतो. दीपाली पेढ्यांचा पुडा घेऊन आली. बाईंच्या पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला मधेच अडवलं.

“हे पेढे कसले?”

“पास झाले ना, मॅडम.”

“ते मार्क त्यांनी वाटले. गणपतीचा प्रसाद बी असाच वाटतात. तुला किती मिळाले ते मला अजून माहीत न्हाई. फळ्यावर जा. पहिल्यापासून.”

दीपालीने पुडा टेबलावर ठेवला आणि खडू घेतला. दोन चार्ज काढले, त्यांचे वेग काढले, एकाच्या वाटेवर क्षेत्र शून्य का ते सांगितलं, दुसऱ्याच्या बगलेला किती ते लिहिलं, आणि बळाचा बाण काढला. मधली जागाही ती विसरली नाही. बाई हाताची घडी घालून बघत होत्या. तिचं संपल्यावर त्यांनी पुढे होऊन फळ्याच्या कोपऱ्यात गुण लिहिले. पूर्णाला अर्धा कमी.

“अर्धा कापलाय. बाण उलटा काढलास.”

दीपालीने आपला बाण पुन्हा एकदा तपासला. मग म्हणाली, “उलटा नाही, मॅडम.”

“उलटाच हाय. अंगठा धरून बघ.”

“बघितला, मॅडम. पण दुसरा चार्ज मी ऋण घेतलाय की ओ. म्हणून बाण फिरला.”

त्या इमारतीत तपासणाऱ्याला असं कुणी सांगत नसे. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि नाक जवळजवळ टेकेल इतक्या फळ्याजवळ गेल्या. वर्तुळाच्या आत एक बारीकशी आडवी रेघ होती. त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला, अंगठा धरला, बोटं वळवली आणि मग उलटी वळवली.

“व्हय की,” त्या म्हणाल्या. “माझंच चुकलं.”

त्यांनी कोपऱ्यातला आकडा तळहाताने पुसला, पूर्ण गुण लिहिले, खाली सही केली आणि मग पुड्यातला पेढा उचलला.

“खूण मोठी काढत जा पण,” पेढा खात त्या म्हणाल्या. “तपासणारी म्हातारी असू शकते.”